मिनीडीएसपी २×४ एचडी: तानपुरा एका जागेवरून ऐकू येईपर्यंत

आधीच सांगून टाकतो, मिनीडीएसपी २×४ एचडी हा डिजिटल क्रॉसओव्हरचा डबा, म्हणजे खालचा आवाज मोठ्या वूफरला आणि वरचा छोट्या ट्वीटरला वाटून देणारा, तो घ्यावा का असं मला कुणी विचारलं तर मी घ्या म्हणतो, पण सोबत मोजायचा माइक घेणार असाल तरच. नुसता डबा आणून, ऐकून ऐकून क्रॉसओव्हर लावू असा विचार असेल तर ते पैसे चांगल्या तयार स्पीकरवर घाला, जास्त समाधान मिळेल. दीड वर्ष झालं मी हा डबा रोज वापरतोय, घरी बनवलेल्या टू-वे (वूफर आणि ट्वीटर असलेल्या) स्पीकरच्या जोडीवर, पुण्यातल्या फ्लॅटच्या साधारण अकरा बाय पंधराच्या हॉलमध्ये, आणि या काळात मला आवाजाबद्दल जेवढं कळलं तेवढं त्याआधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कुठून झाली ते सांगतो. चारेक वर्षांपूर्वी मी पहिली जोडी बनवली तेव्हा एका दुकानातून तयार पॅसिव्ह क्रॉसओव्हर आणला होता, तीन हजार हर्ट्झचा, कॉइल आणि कपॅसिटर लावलेली छोटी हिरवी पाटी. कुठल्याही वूफर-ट्वीटरला चालेल म्हणाले. लावला, वाजायला लागला, ट्रेबल चकाचक, बेस ठीक, मित्र येऊन वा वा करून गेले. आमचे बाबा मात्र गप्प. बाबा रोज सकाळी तानपुरा लावून तासभर गातात, चाळीस वर्षांची सवय आहे, त्यामुळे त्यांना ऐकवल्याशिवाय माझं काही पक्कं होत नाही. मी विचारलं, बाबा काय वाटतं? तर म्हणाले, "अरे तार खाली वाजतेय आणि जवारी वरून येतेय. दोन माणसं दोन ठिकाणी बसून एक तानपुरा वाजवताहेत असं वाटतंय मला."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता कळतं की मायक्रोफोन न लावता त्यांनी अख्खा रोग ओळखला होता. पुरुष गायकाचा सा काळी एक धरला तर तानपुऱ्याची खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या आसपास वाजते, पण जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला घासून उठणाऱ्या झंकारामुळे, तिचे हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तीन-चार हजारांच्याही वर जातात, आणि तार छेडल्यावर तो झंकार एका जागी राहत नाही, एकेका हार्मॉनिकवरून सरकत जातो. म्हणजे एकाच छेडीत आवाज वूफरमधून निघून ट्वीटरकडे जातो. दोन ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, जिथे एकमेकांना हात देतात तिथे वेळ चुकलेली असेल तर तानपुरा बरोबर तिथेच तुटतो. ड्रम्स आणि गिटारवर ही चूक झाकली जाते, तानपुऱ्यावर नाही झाकली जात.

तर क्रॉसओव्हर म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. नेहमीच्या स्पीकरमध्ये अँप एकच असतो, त्याची पॉवर स्पीकरच्या डब्याच्या आत जाते आणि तिथे कॉइल-कपॅसिटर तिचे दोन भाग करतात, खालचं वूफरला, वरचं ट्वीटरला. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये हे वाटप अँपच्या आधीच होतं, आकड्यांमध्येच, आणि मग प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अँप चॅनल मिळतो. दोन स्पीकर, प्रत्येकात दोन ड्रायव्हर, म्हणजे चार चॅनल लागणार. खर्च इथे वाढतो हे खरं, पण बदल्यात काय मिळतं तर पॅसिव्हमध्ये क्रॉसओव्हर दोन हजारावरून अठराशेवर आणायचा तर नवी कॉइल गुंडाळायची, नवे कपॅसिटर आणायचे, डाग द्यायचे, डबा परत बंद करायचा, आणि इथे आकडा बदलून एंटर मारायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डिले. पॅसिव्हमध्ये ट्वीटरला थोडा उशिरा वाजव असं सांगणं जवळपास अशक्य आहे, डिजिटलमध्ये ती एक चौकट आहे, त्यात आकडा टाकला की झालं.

आता मिनीडीएसपीच्या डब्याबद्दल. कंपनी हाँगकाँगची. काळा, धातूचा, पोळ्यांच्या डब्यापेक्षाही लहान. आत ॲनालॉग डिव्हाइसेसची शार्क चिप आहे, सगळं काम ९६ किलोहर्ट्झवर चालतं. आत यायला यूएसबी, ऑप्टिकल आणि ॲनालॉग आरसीए, बाहेर जायला चार आरसीए. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर. प्रत्येक आउटपुटला ४८ डीबी पर ऑक्टेव्हपर्यंतचे क्रॉसओव्हर (हा आकडा उताराचा, नको तो आवाज किती झपाट्याने कापायचा ते), दहा बँडचा पॅरामेट्रिक ईक्यू, म्हणजे आवाजाचे ठरावीक पट्टे वरखाली करायची सोय, डिले, पोलॅरिटी उलटायची सोय, कॉम्प्रेसर, आणि पाहिजे असेल त्याला एफआयआर (लाटांची वेळही जुळवू शकणारा फिल्टर). चार प्रीसेट, म्हणजे सेटिंगचे चार संच. डब्यावर स्क्रीन नाही, व्हॉल्यूमचा खटका नाही, काहीही करायचं तर कॉम्प्युटर जोडायचा, एकदा करून झालं की कॉम्प्युटर काढून टाकायचा, सेटिंग आत राहतं. मी घेतला तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या थोडी वर होती, मला कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून पंचवीस-सव्वीस हजार पडले. सोबत यूमिक-१ घेतला, तो दहाच्या आसपास गेला. या माइकची खास गोष्ट अशी की प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल त्याच्या सीरियल नंबरवर डाउनलोड होते, समोर धरायची वेगळी आणि छताकडे धरायची वेगळी, त्यामुळे समोर दिसणाऱ्या रेषेवर विश्वास ठेवता येतो. मोजायचं सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, ज्याला सगळे आरईडब्ल्यू म्हणतात, जॉन मलकाही यांनी बनवलेलं, फुकट आहे आणि फुकटच्या मानाने इतकं जबरदस्त आहे की मी नंतर देणगी पाठवली.

नव्या जोडीच्या ड्रायव्हरसाठी सकाळची डेक्कन क्वीन पकडून मुंबईला गेलो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. साडेसहा इंची वूफर आठ ओहमचा, एक इंची सिल्क डोम ट्वीटर चार ओहमचा. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक मॉडेल बघून माझे आकडे जसेच्या तसे उचलतात आणि स्पीकरचा डबा वेगळा, बॅफलची (पुढच्या फळीची) रुंदी वेगळी, मग ते आकडे त्यांच्या काही कामाचे राहत नाहीत. स्पीकरच्या डब्यासाठी टिंबर मार्केटमधून १८ एमएम मरीन प्लाय आणला, आयएस ७१० शिक्क्याचा, कारण कमर्शियल प्लायमध्ये आत पोकळ्या निघतात आणि मग पॅनल कुठेतरी खुळखुळतो. मिस्त्रींना वूफरचं भोक राउटरने पाडायचं सांगितलं तर म्हणाले, "दादा, जिगसॉने मस्त गोल काढतो की, राउटर कशाला," पण वूफरची कड प्लायमध्ये पाच एमएम बसवायची होती तेव्हा त्यांनीच दुसऱ्याकडून राउटर आणला आणि इतकं सुरेख काम केलं की वूफर ठेवल्यावर कडेने नखसुद्धा जात नाही. सील्ड डबा, चौदा लिटर, आत रजईवाल्याकडून आणलेला पॉलिएस्टर कापूस.

इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण यात पैसे वाचतात. ॲक्टिव्ह सिस्टीममध्ये, म्हणजे वाटप अँपच्या आधी होतं अशा मांडणीत, ट्वीटर थेट अँपला जोडलेला असतो, मध्ये काहीही नाही. चालू करताना अँपने ठप्प केलं, वायर उलटसुलट झाली, लाइट जाऊन परत आली आणि अँप डीएसपीच्या (म्हणजे या मिनीडीएसपीच्या) आधी जागा झाला, काहीही झालं तरी मार ट्वीटर खातो. म्हणून ट्वीटरला सीरीजमध्ये एक कपॅसिटर लावाच. चार ओहमला ४७ मायक्रोफॅरड लावला तर तो साडेआठशे हर्ट्झच्या आसपास कापायला लागतो, माझा क्रॉसओव्हर दोन हजाराला, त्यामुळे आवाजात फारसा ढवळाढवळ करत नाही, आणि जो थोडा फेज (लाटेची वेळ) फिरवतो तो मोजणीत आपोआप धरला जातो. चालू करताना डीएसपी आधी, अँप शेवटी. बंद करताना अँप आधी. आमच्याकडे हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

कपॅसिटर लावला होता म्हणून माझा एक जीवघेणा प्रसंग टळला. मी जुन्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट या डब्याला शिकवला होता, हा डबा दुसऱ्या रिमोटचे कोड शिकतो ही खूप सोयीची गोष्ट आहे, आणि १ ते ४ बटणांवर चार प्रीसेट लावले होते. क्रॉसओव्हर मात्र फक्त पहिल्या प्रीसेटमध्ये भरला होता, बाकीचे तीन कोरे. दिवाळीत भाची आली, तिने रिमोट हातात घेतला आणि ३ दाबलं. कोरा प्रीसेट म्हणजे ट्वीटरला सगळी गाणी सरसकट, बेससकट. आवाज एकदम बदलला, मी स्वयंपाकघरातून धावत आलो आणि अँप बंद केला, छातीत धडधड होत होती. नंतर ट्वीटर मोजला, डिस्टॉर्शन आधीसारखंच, रेषा आधीच्या रेषेवर तंतोतंत बसली, वाचला. त्याच रात्री चारही प्रीसेटमध्ये क्रॉसओव्हर भरून टाकला. हा डबा घेतलात तर पहिल्या दिवशीच हे करा, गाणं लावायच्या आधी.

आता मोजणी. फ्लॅटमध्ये मोजायचा त्रास असा की भिंती, जमीन, छत सगळीकडून आवाज परत येतो आणि माइकला स्पीकर काय करतोय ते न कळता खोली काय करतेय तेच कळतं. उपाय म्हणजे गच्ची. स्टूलवर टेबल, टेबलावर स्पीकर, ट्वीटर जमिनीपासून १.९ मीटर वर, माइक समोर एक मीटरवर त्याच उंचीला. आता सरळ आवाज एक मीटर चालून येतो आणि जमिनीवर आपटून येणारा जवळजवळ चार मीटर, म्हणजे तो साडेआठ मिलिसेकंद उशिरा पोचतो. आरईडब्ल्यूमध्ये त्याच्या आधीच मोजणीच्या वेळेची खिडकी बंद करायची, की जमीन मोजणीतून निघून गेली. मग साधारण १२० हर्ट्झच्या वरचं जे दिसतं ते स्पीकरचं स्वतःचं. पहाटे साडेपाचला वर गेलो, कारण सहानंतर कावळे, साडेसहाला कुकरच्या शिट्ट्या, सातला शाळेच्या बसेस. चार पहाटा लागल्या. वॉचमन काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, तेही एक पहाट वर येऊन बसले आणि स्वीपचा तो खालून वर जाणारा आवाज ऐकून म्हणाले, "भोंग्यासारखं वाटतं ओ हे."

पहिल्या पहाटे मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात. सॉफ्टवेअरमध्ये २००० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली, २४ डीबी असं निवडलं आणि समजलो झालं. झालं नव्हतं. जरा मागचं सांगतो, झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्यूलेट-पॅकार्डमध्ये इंजिनिअर होते, १९७६ साली लिंकविट्झ यांचा पेपर आला आणि तिथून हा क्रॉसओव्हर दोघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची गंमत अशी की जोडाच्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही ड्रायव्हर सहा डीबी खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, त्यामुळे दोघांची बेरीज बरोबर सपाट येते. पण हे सगळं कानाला जे पोचतं त्याबद्दल आहे, तारेतल्या सिग्नलबद्दल नाही. ट्वीटर स्वतःच खाली जाताना उतरत असतो, वूफर वर जाताना स्वतःच डळमळतो, त्यात आपण वरून २४ डीबी लावला तर एकूण उतार तीस-बत्तीसचा होतो आणि फेज कुठल्या कुठे. म्हणून आधी प्रत्येक ड्रायव्हर एकटा मोजायचा, ईक्यूने त्याला सरळ करायचं, आणि मग मोजलेली रेषा २४ डीबीच्या लिंकविट्झ-रायलीच्या आदर्श रेषेवर पडतेय का ते बघत बघत फिल्टर लावायचे. माझ्या वूफरला शेवटी फक्त १२ डीबीचा फिल्टर आणि दोन ईक्यू लागले, बाकीचा उतार त्याचा स्वतःचाच होता.

दुसरी अडचण डिलेची, आणि या गोष्टीने माझा एक अख्खा रविवार गेला. वूफर शंकूसारखा आत असतो, ट्वीटरचा घुमट पुढे असतो, म्हणजे दोघांचा आवाज निघतो त्या जागा पुढेमागे. माझ्याकडे फरक सुमारे २५ एमएमचा. ऐकायला किती कमी वाटतं, पण आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तर २५ एमएम म्हणजे ०.०७ मिलिसेकंद, आणि २००० हर्ट्झला एक पूर्ण लाट अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे पन्नास अंशांचा घोळ. हाच तो बाबांचा दोन माणसांचा तानपुरा. पण मी मोजायचो तर दरवेळी वेगळाच आकडा. एकदा ०.०७, एकदा ०.३, एकदा उलटाच. माइक बिघडला की काय असं वाटायला लागलं. कारण वेगळंच होतं, यूएसबी माइकचं स्वतःचं घड्याळ असतं आणि वाजवणाऱ्या डब्याचं वेगळं, त्यामुळे दोन मोजण्यांमधली वेळ जुळत नाही. आरईडब्ल्यूमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्स म्हणून सोय आहे, ती चालू केली की प्रत्येक स्वीपच्या आधी दुसऱ्या स्पीकरमधून एक छोटी चिवचिव वाजते आणि सॉफ्टवेअर तिच्यापासून वेळ धरतं. ती चालू केली आणि लागोपाठ पाच मोजण्यांत तोच आकडा.

आकडा टाकल्यावर तपासायची पद्धत फार सुंदर आहे. मुद्दाम ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करायची. दोन्ही ड्रायव्हर खरंच एका फेजमध्ये असतील तर उलटं केल्यावर ते क्रॉसओव्हरच्या जागी एकमेकांना पूर्ण मारतात आणि रेषेत खोल विहीर पडते. डिले टाकायच्या आधी माझी विहीर सात-आठ डीबीची होती, म्हणजे खड्डाच म्हणा. ट्वीटरला ०.०७ टाकलं आणि परत स्वीप मारला तर रेषा २००० वर तीस डीबीच्याही खाली गेली, दोन्ही बाजूंनी सारखी उतरलेली, सरळसोट. पहाटेची वेळ, गच्चीवर मी एकटा, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर ती विहीर. मी तिचा फोटो काढून ठेवलाय. पोलॅरिटी परत सरळ केली आणि खाली आलो.

बाबा नुकते गाऊन उठले होते. स्पीकर जागेवर ठेवले, नुसता तानपुरा लावला, काहीच बोललो नाही. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले, मग सोफ्यावर बसले, डोळे मिटले. म्हणाले, "परत लाव." परत लावला. "आता बसलाय एका जागेवर," म्हणाले, आणि चहा आणायला आत गेले.

बॅफल स्टेप ही गोष्ट मी आधी गंभीरपणे घेत नव्हतो. वरचा आवाज डब्याच्या पुढच्या फळीवरून समोर जातो, खालचा आवाज फळीला वळसा घालून चारी बाजूंना पसरतो, त्यामुळे खालचं समोर कमी पडतं. माझी फळी २२ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण सव्वापाचशे हर्ट्झच्या आसपास हा बदल होतो. मोकळ्या जागेत फरक सहा डीबीपर्यंत जातो, घरात मागे भिंत असते म्हणून मला चार पुरले. एक शेल्फ फिल्टर (एका फ्रिक्वेन्सीच्या खालचं सगळं उचलणारा), दोन आकडे, झालं, आणि गाणाऱ्याच्या छातीतून येणारा आवाज परत आला. बायकांच्या आवाजात तर फार फरक पडला, आधी पातळ आणि टोचरा वाटायचा तो भरदार झाला.

बेससाठी लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म वापरला, हेही त्याच माणसाचं. सील्ड डब्याचा नैसर्गिक उतार मोजायचा आणि गणिताने तो खाली सरकवायचा. माझा स्पीकर ६२ हर्ट्झला उतरायला लागत होता, तो ४५ वर आणला. आणखी खाली न्यायचा मोह झाला होता, पण हिशोब करा, ६२ वरून ४५ ला यायलाच साडेपाच डीबी जास्त लागतात म्हणजे साडेतीन पट पॉवर, आणि एक ऑक्टेव्ह खाली तेवढाच आवाज काढायला वूफरचा पडदा चौपट हलावा लागतो. साडेसहा इंची वूफर आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची. डग्ग्यावर हाताचा मनगटाकडचा भाग दाबून तो गूं असा घसरवतात ना, ती घसर शेवटपर्यंत ऐकू येते, मला तेवढं पाहिजे होतं. जोरात ऐकायची वेळ आली तर वूफर वाचावा म्हणून आउटपुटचा कॉम्प्रेसर लिमिटरसारखा, म्हणजे ठरावीक जोराच्या वर जाऊ न देणारा, लावून ठेवलाय.

न आवडलेल्या गोष्टी सांगतो, त्याही आहेत. चार आउटपुट. टू-वे स्टीरिओला चारही संपतात, नंतर सबवूफर जोडावासा वाटला तर जागा नाही. मला आता वाटतंय की थोडे पैसे जास्त घालून आठ आउटपुटवाल्याकडे जायला हवं होतं. दुसरं, बॅलन्स्ड कनेक्शन (वायरीत शिरलेला गोंगाट रद्द करणारं) नाही, सगळं आरसीए, त्यामुळे लांब वायरी टाळा आणि डबा अँपच्या शेजारी ठेवा. तिसरं, आउटपुट जास्तीत जास्त दोन व्होल्ट, आणि हे नीट समजून घ्या. घरच्या अँपचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असतो, मग होतं काय की डिजिटलमध्ये सिग्नल कमी करत बसावं लागतं पण आकड्यांचा परत सिग्नल करणाऱ्या कन्व्हर्टरचा स्वतःचा जो बारीक सूं असतो तो काही कमी होत नाही, अँप त्याला मोठा करतो आणि ट्वीटरजवळ कान नेला की ऐकू येतो. माझा ट्वीटर वूफरपेक्षा सहा डीबी जास्त संवेदनशील, त्यामुळे रात्री शांततेत सोफ्यावरूनही सूं जाणवत होता. उपाय साधा, कपॅसिटरनंतर दोन ओहम सीरीजमध्ये, चार ओहम ट्वीटरला समांतर, दोन्ही दहा वॅटचे वायर-वाउंड रेझिस्टर. अँपला चार ओहमच दिसतात, आवाज सहा डीबी खाली येतो आणि सूंही तेवढाच खाली. डिजिटलमध्ये कमी करायचं काम या दोन रेझिस्टरांनी केलं, तेही शंभर रुपयांच्या आत.

घूं असा आवाज येत असेल तर तो वेगळा आजार, बहुतेक वेळा लॅपटॉपच्या चार्जरमधून यूएसबीच्या वायरीने येतो. चार्जर काढून बघा, थांबला तर तेच. मी रोजच्या ऐकण्यासाठी ऑप्टिकल वायर वापरतो, तिच्यातून फक्त उजेड जातो, करंट जात नाही, विषय संपला. टीव्हीसुद्धा त्याच वायरीवर आहे, ओठ आणि आवाज जुळतात, या फिल्टरांनी उशीर जाणवत नाही. एफआयआर लावून फेज सरळ करायचा प्रयोगही केला, मला त्यात ऐकून फरक सांगता आला नाही, काढून टाकला.

स्वस्तात करायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक एडीएयू १७०१ चिपवाले छोटे बोर्ड, त्यात दोन इनपुट आणि चार आउटपुट चिपमध्येच असतात, सिग्मास्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर ॲनालॉग डिव्हाइसेसचं फुकट मिळतं. किंमत मिनीडीएसपीच्या तुलनेत अगदीच कमी, पण प्रोग्रामर, वायरी, केस सगळं आपणच जमवायचं. दुसरी वाट रास्पबेरी पाय आणि कॅमिलाडीएसपी, हेनरिक एनक्विस्ट यांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर, ताकद भरपूर, हवे तेवढे चॅनल, फक्त लिनक्सची भीती नको आणि अनेक चॅनलचा डॅक (आकड्यांचा सिग्नल करणारा कन्व्हर्टर) वेगळा घ्यावा लागतो. माझ्या मित्राने हे केलंय आणि मस्त चालतं, पण त्याच्या घरी गाणं लावायचं तर तो घरी असावा लागतो. माझ्याकडे आई दुपारी टीव्हीचं बटण दाबते आणि आवाज येतो, मला हे महत्त्वाचं वाटतं, मिनीडीएसपीला मी जास्त मार्क देतो ते याच्यासाठी.

एकूण खर्च विचारतात सगळे म्हणून सांगतो, डबा आणि माइक मिळून पस्तीस, क्लास डी चे दोन स्टीरिओ अँप सोळा, ड्रायव्हर चोवीस, प्लाय-व्हिनिअर-मिस्त्री मिळून अकरा, वायरी-कनेक्टर-रेझिस्टर तीन. एकोणनव्वद हजार. यात निम्म्याहून थोडे जास्त पैसे पुढच्या स्पीकरलाही उपयोगी पडणार आहेत, डबा, माइक, अँप हे सगळं तसंच राहतं, फक्त लाकूड आणि ड्रायव्हर बदलतात.

आत्ता चार प्रीसेटमध्ये असं आहे. पहिला नेहमीचा. दुसरा रात्रीचा, बेस कमी, खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. तिसरा जुन्या आकाशवाणीच्या रेकॉर्डिंगसाठी, वरून हळूहळू उतरत जाणारा, म्हणजे खरखर मागे जाते आणि गळा पुढे येतो, हा बाबांच्या शेजारी बसून, त्यांना विचारत विचारत अर्धा अर्धा डीबी कमी करत लावला, दोन संध्याकाळी गेल्या. चौथा पहिल्याचीच कॉपी, तिथे मी नवं काही करून बघतो. सगळ्या सेटिंगची फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि स्वतःला मेल करून अशी तीन ठिकाणी ठेवली आहे, तुम्हीही ठेवा, चार पहाटांचं काम आहे ते. कुणाला बॅफलचं ड्रॉइंग किंवा मोजणीच्या फाइली पाहिजे असतील तर सांगा, देतो, फक्त तुमची फळी किती रुंद आहे ते आधी सांगा.